मूळ प्रतीशी ताडून पाहिले

मी लाल मोटरसायकल घेतली आहे, हे मला बँकेत कळलं. एकोणसाठ वर्षं दहा महिने वयाच्या माणसाला स्वतःबद्दल काही नवं कळलं तर खरं म्हणजे आनंद व्हायला हवा. पण तेव्हा मी गृहकर्जाच्या टेबलापुढे, डावीकडे बायको आणि उजवीकडे मुलगा अशा थाटात, इस्त्रीच्या शर्टात बसलो होतो. आणि मला साध्या सायकलपलीकडचं कुठलंही दुचाकी वाहन चालवता येत नाही.

"सर, तुमचं कर्ज मंजूर होणार नाही," टेबलामागच्या बाई म्हणाल्या. "तुमच्या नावावर मोटरसायकलचं कर्ज थकलेलं आहे. तेरा महिने."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तेहेतीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे बऱ्याच प्रकारे पाहिलं आहे, पण 'हा मोटरसायकल चालवू शकेल का' या दृष्टीने प्रथमच पाहिलं असावं. मग तिने मान हलवली आणि बाईंना म्हणाली, "शक्यच नाही. यांना स्कूटरवर मागे बसायलासुद्धा स्टूल लागतं." माझ्या निर्दोषत्वाचा इतका भक्कम पुरावा कुणी दिला नसता, पण तो हळू आवाजात देता आला असता.

आमचं प्रकरण थोडक्यात असं. मी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका सरकारी कारखान्यात अधिकारी. जुलैअखेर निवृत्त होणार, आणि त्यानंतर चार महिन्यांत क्वार्टर सोडायचं. आयुष्यभर सरकारी छताखाली राहिल्यामुळे स्वतःचं छप्पर करायचं राहूनच गेलं होतं. आमचा अनय पेरुंगुडीला कंप्युटरच्या कंपनीत आहे. तिथेच जवळ एक दोन खोल्यांचा फ्लॅट सुनंदाच्या मनात भरला होता, कारण त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा येतो. चेन्नईत मे महिन्यात ज्या खिडकीतून वारा येतो तिच्यासाठी माणूस काहीही करील. बिल्डरने जूनअखेरपर्यंत फ्लॅट राखून ठेवायचं कबूल केलं होतं. एकट्या अनयच्या पगारावर तेवढं कर्ज बसत नव्हतं, म्हणून बाप-लेक मिळून अर्ज केला. "अनयचं नाव आधी घाला," असं सुनंदा म्हणाली होती. मी म्हटलं, बाप जिवंत असताना? आणि माझं नाव आधी घातलं.

घरी आलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. शेजारच्या विजयालक्ष्मी मामींचे यजमान त्याच बँकेत पासबुक भरायला आले होते, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. मामी कॉफीचा टंबलर घेऊनच दारात उभ्या. सोळा वर्षं शेजार असल्यामुळे त्या सुनंदाशी हिंदी, तमिळ आणि आपलं मराठी अशा मिसळीत बोलतात.

"परवाइल्ले, सुनंदा," त्या म्हणाल्या. म्हणजे काही हरकत नाही. "पुरुषांना या वयात होतं असं. आमच्या अंबत्तूरच्या भावोजींनी व्हायोलिन घेतलं होतं."

मी घेतली नाही, असं मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर मामींना माझी जास्तच दया आली.

आता मी कायद्याचा माणूस आहे. नियम वाचायला मला आवडतं, विशेषतः दुसऱ्यांनी पाळायचे. अनयने इंटरनेटवरून दोन हजार पाचचा कायदा छापून आणला. कर्ज घेणाऱ्यांची कुंडली ज्या कंपन्या ठेवतात, त्यांच्यासाठी खास केलेला. मी तो रात्रीत वाचला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की कर्ज मागणाऱ्याला आपल्या कुंडलीची प्रत मागायचा हक्क आहे, आणि तीत चूक असेल तर ती तीस दिवसांत दुरुस्त झाली पाहिजे. मी ती ओळ हिरव्या शाईने अधोरेखित केली आणि सकाळी बँकेत बाईंपुढे ठेवली.

त्यांनी आदराने वाचली. "बरोबर आहे सर. कायदा आलेला आहे. पण त्याचा फॉर्म अजून आमच्या शाखेत आला नाही."

"कायदा फॉर्मपेक्षा मोठा असतो," मी म्हणालो.

"हो सर. पण फाइलला फॉर्म लावावा लागतो."

फॉर्म तीन खेपांनी आला. कुंडली पाचव्या खेपेला. तीत माझं नाव होतं, माझ्या क्वार्टरचा पत्ता होता, माझा पॅन नंबर होता आणि माउंट रोडवरच्या एका फायनान्स कंपनीचं मोटरसायकलचं कर्ज होतं. पहिले सहा हप्ते अगदी वेळेवर. मग एकदम सामसूम. मला वाईट वाटलं ते याचं की त्या सहा महिन्यांच्या रकान्यांत माझी वागणूक उत्तम होती आणि तिचं श्रेय माझं नव्हतं.

"बाबा, पण पत्ता आपला आहे," अनय म्हणाला. "मग नोटिसा आल्या असतील ना घरी?"

सुनंदा स्वयंपाकघरात गेली. तिने मसाल्याच्या फळीवरचे डबे उतरवले आणि डब्यांखाली घातलेले कागद काढून आणले. नऊ नोटिसा. शेवटच्या तिनांवर हळद सांडली होती. प्रत्येकीवर ठळक अक्षरांत माझं नाव.

"तुम्हीच म्हणालात, जाहिराती आहेत," ती म्हणाली. "पाकीट न फोडताच म्हणालात."

त्या दिवसांत रोज कुणी ना कुणी 'कर्ज घ्या हो' म्हणून पत्रं पाठवायचं, हे मी तिला समजावून सांगू लागलो. अनयने मध्येच विचारलं, "बाबा, तुम्ही कुठलाही कागद वाचता का?" पोटच्या पोराने राजपत्रित अधिकाऱ्याला हा प्रश्न विचारावा. मी पोलिसांत जायला निघालो, कारण घरात थांबण्यात अर्थ नव्हता.

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर सभ्य होते. "काय चोरीला गेलं?" त्यांनी विचारलं.

"माझं नाव."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते तर तुमच्याकडेच आहे ना, सर? आत्ताच सांगितलंत मला."

मी कायद्याची प्रत काढली. त्यांनी हात जोडले. शेवटी त्यांनी जो छापील कागद होता त्यावर तक्रार घेतली. तो कागद हरवलेल्या वस्तूंचा होता. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं आणि 'शेवटची कुठे पाहिली' हा रकाना कोरा सोडला. पोचपावती मात्र शिक्क्यानिशी दिली, आणि माउंट रोडला जाऊन कागद बघून या, असा सल्लाही दिला. नऊ नोटिसांपेक्षा हा एक सल्ला मोलाचा ठरला, फक्त तो इतका महागात पडेल हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

माउंट रोडच्या त्या कचेरीत एसी इतका होता की घामाचा शर्ट अंगावर गारठला. मॅनेजरने फाइल आणली. पहिल्या पानावर कर्ज घेणाऱ्याचा फोटो. भरगच्च मिशा, दाट केस, वय तीसच्या आत. त्याखाली: अशोक विष्णू सबनीस. पत्नीचं नाव: नीलम.

सुनंदा माझ्यासोबत आली होती. तिने फोटो बराच वेळ पाहिला. "चांगला आहे दिसायला," ती म्हणाली. "नीलम नशीबवान."

"मॅडम, हे तुमचे मिस्टर नाहीत?" मॅनेजरने विचारलं.

"तुम्हीच बघा," ती म्हणाली, आणि त्याने माझ्या टकलाकडे पाहिलं. मला वाटलं, सुटलो. इतका ढळढळीत पुरावा डोक्यावर घेऊन मी प्रथमच हिंडत होतो.

"सर, आम्हीही सहानुभूतीने पाहतो," मॅनेजर म्हणाला. "पण आमच्या कागदांत काही खोट नाही. पॅन कार्डाची झेरॉक्स आहे, तिच्यावर हा फोटो आहे, आणि ही प्रत खरी आहे असं एका राजपत्रित अधिकाऱ्याने प्रमाणित केलं आहे. आम्ही सरकारी अधिकाऱ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?"

"कोण तो गाढव?" मी म्हणालो.

त्याने पान माझ्याकडे फिरवलं. हिरवी शाई. गोल शिक्का. शिक्क्यात 'ए. व्ही. सबनीस'. वर माझी सही, आणि सहीच्या शेपटीपाशी तुपाचा एक डाग.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी तोवर अभिमानाने सांगत असे.

महाराष्ट्रातून इकडे नोकरीला येणाऱ्या पोरांचं पहिलं दुखणं म्हणजे पत्ता. गॅस हवा, फोन हवा, भाड्याची खोली हवी, तर इथल्या पत्त्याचा पुरावा आण. आमच्या वसाहतीत छोटं मराठी मंडळ आहे आणि मी त्याचा कार्यवाह. 'सबनीसकाकांकडे जा,' हे वाक्य पेरुंगुडीपासून एन्नोरपर्यंत प्रसिद्ध होतं. मी माझ्या पत्त्याच्या, रेशनकार्डाच्या, पॅन कार्डाच्या झेरॉक्स प्रती गठ्ठ्याने काढून ठेवायचो आणि कुणीही मराठी बोललं की काढून द्यायचो. परमुलखात आपल्या माणसाला नाही म्हणायचं? आणि पोरांचे कागद प्रमाणित करायचे तर माझ्यासारखा वेग कुणाला नव्हता. दोन हजार सहाच्या गणपतीत, आरती आणि जेवण यांच्यामधल्या वेळात मी बेचाळीस कागदांवर सह्या केल्या. डाव्या हातात मोदक होता. गप्पा चालूच होत्या. मंडळाच्या वार्षिक अहवालात या विक्रमाची नोंद आहे. अहवाल मीच लिहितो.

त्याच बेचाळिसांत हा बहाद्दर होता. मी दिलेल्याच माझ्या पॅनवर त्याने स्वतःचा फोटो चिकटवला, झेरॉक्स काढली आणि माझ्याच पुढे ठेवली. आणि 'अशोक विष्णू सबनीस नावाचा हा मिशाळ इसम खरा आहे' असं अशोक विष्णू सबनीस यांनी, मोदक खात, सरकारच्या वतीने लिहून दिलं.

"आता तीन वाटा आहेत, सर," मॅनेजर म्हणाला. "कर्ज तुमचं म्हणून फेडा. किंवा ही सही खोटी आहे म्हणा, मग ती तज्ज्ञाकडे जाईल. किंवा लिहून द्या की सही तुमची आहे, पण तुम्ही न बघता केली. तसं प्रतिज्ञापत्र दिलंत तर मी आठवड्यात कुंडली दुरुस्त करायला कळवतो."

परतीच्या गाडीत मी आवडीपर्यंत तिन्ही वाटा बोटांवर मोजत आलो. तिसऱ्या वाटेवर काय आहे हे मला ठाऊक होतं. न बघता प्रमाणित करणं हा शिस्तभंग. निवृत्तीला दोन महिने असताना कुणी वर कळवलं, तर चौकशी, आणि चौकशीबरोबर अडकलेलं पेन्शन. पेन्शन अडकलं की फ्लॅटही गेलाच.

मामींनी दारातच सगळं ऐकून घेतलं. "सही खोटी म्हणा," त्या म्हणाल्या. "तुपाचा डाग काय, कुणाच्याही सहीवर पडेल."

कबूल करतो, त्या रात्री मी तसं लिहायला बसलो होतो. 'सदर सही माझी नसून' एवढं लिहून झालं. सुनंदा मागे येऊन उभी राहिली.

"ती शेपटी मीच बिघडवली," ती म्हणाली. "जेवायला हाक मारली म्हणून तुमचा हात हलला. मला आठवतंय."

"मग काय करू? पेन्शन घालवू?"

"मला वाऱ्याची खिडकी हवी आहे," ती म्हणाली. "पण हे असलं लिहून घेतलेल्या खिडकीत उभं राहून मला कांदा चिरवणार नाही." आणि झोपायला गेली. मला तिचा फार राग आला, कारण ती बरोबर होती.

मी कागद फाडला आणि दुसरा घेतला. मूळ इंग्रजीत लिहिलं, पण तात्पर्य असं: 'मी शपथेवर सांगतो की सदर प्रत मूळ प्रतीशी ताडून न पाहता, तसेच तिच्यावर माझेच नाव आहे हेही न पाहता, मी ती खरी असल्याचे प्रमाणित केले.' चौतीस वर्षांच्या सेवेत इतका सुबोध मजकूर माझ्या हातून उतरला नव्हता.

नोटरीचा शिक्का झाला. तरी मॅनेजर म्हणाला, यावर तुमचा फोटो लावा आणि तो एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून आणा. "तुम्ही सोडून," असंही म्हणाला, आणि ते म्हणायची गरज नव्हती.

वसाहतीत माझ्याखेरीज असे तीन अधिकारी. एक सुटीवर गावी गेलेले, एक बदली होऊन गेलेले. उरले राघोत्तम राव.

राघोत्तम राव तंजावरचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या घराण्यातले. त्यांची मराठी ऐकली की जुन्या बखरीला तमिळ सूर लावल्यासारखं वाटतं. ते प्रत्येक कागद वाचतात. मूळ प्रत मागतात. चष्मा पुसतात, पुन्हा वाचतात, आणि काही शंका आली तर उद्या या म्हणतात. पोरं त्यांच्याकडून पळून माझ्याकडे यायची. मंडळाच्या संमेलनात त्यांच्यावर मी एक नाटुकलंही बसवलं होतं. त्यात राघोत्तमरावांचं काम मीच केलं आणि चष्मा पुसण्यावर टाळ्या घेतल्या. ते त्या दिवशी आले नव्हते, अशी माझी समजूत होती.

जूनच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

"बसा, सबनीस," ते म्हणाले. "वाचल्यावीण अम्ही सही करत नाही. तुम्हांस ठाऊक अहे."

त्यांनी वाचायला घेतलं. मी पंख्याकडे बघत बसलो. पहिलं पान संपायला दहा मिनिटं लागली. 'माझेच नाव आहे हेही न पाहता' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं आणि तिथून हलेना. त्यांनी मनात आणलं असतं तर सोमवारी तो मजकूर वरच्या कचेरीत पोचला असता. त्यांच्या पत्नीने ताक आणून ठेवलं, तेही मला घेववेना.

"फोटो तुमचा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मूळ कुठं अहे?"

"कशाचं मूळ?"

"फोटोचं."

"मीच," मी म्हणालो.

"सरि," ते म्हणाले, म्हणजे ठीक. "मग उजेडांत बसा."

मी खुर्ची खिडकीपाशी ओढली. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं. चष्मा काढायला सांगितला. मान डावीकडे, मान उजवीकडे. कपाळावरची खूण बोटाने दाखवून विचारलं, हे काय. लहानपणी पाटावरून पडलो होतो, मी म्हणालो. कधी पडलो तेही त्यांनी विचारलं. मग त्यांनी सही केली, खाली तारीख आणि वेळ घातली, आणि बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली: मूळ व्यक्तीशी ताडून पाहिले.

"वर कळवणार का?" माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी कागदांच्या कडा जुळवून माझ्याकडे दिले. "मज फोटो तपासाया सांगितलं. फोटो बरोबर अहे. बाकीचं मज कोणी विचारलं नाही." मग म्हणाले, "तुमच्या नाटकांत मी चष्मा दोन वेळ पुसतों. तें चूक अहे. मी तीन वेळ पुसतों."

"माफ करा," मी म्हणालो, आणि समोरचं ताक एका दमात पिऊन टाकलं. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसू लागले. मी मोजत होतो. तीनदा.

कुंडली जूनच्या अठ्ठाविसाव्या दिवशी दुरुस्त होऊन आली. कायद्यातल्या तीस दिवसांत बसली, हे मी सुनंदाला दाखवलं, पण ती तोवर नव्या घराच्या फळीसाठी कागद कापत होती. या वेळी तिने कोरे कागद विकत आणले होते. जूनअखेरीला कर्ज मंजूर झालं आणि वाऱ्याची खिडकी आमची झाली. तो मिशाळ अशोक सबनीस अजून सापडलेला नाही. लाल मोटरसायकल दिसली की मी अजूनही वळून पाहतो.

जुलैत, माझ्या सहीच्या शेवटच्या रविवारी, पुष्कर नावाचा एक मुलगा अकरा झेरॉक्स घेऊन आला. मला दोन तास लागले. एका कागदाची मूळ प्रत नव्हती, त्याला मी उद्या यायला सांगितलं. तो जिना उतरताना काहीतरी पुटपुटला. मी ते ऐकलं नाही असं ठरवलं.

गणपतीत आम्ही पेरुंगुडीहून मुद्दाम आवडीला गेलो. पोरांनी नाटुकलं बसवलं होतं. रंगमंचावर टक्कल लावून एक सबनीसकाका बसले होते, आणि मूळ प्रत कुठे, मूळ प्रत कुठे, म्हणत लोकांना हैराण करत होते. सभागृह हसत होतं. सुनंदा तर डोळे पुसत होती. मी मान ताठ ठेवून पहिल्या रांगेत बसलो होतो, शेजारी राघोत्तम राव. स्टेजवरच्या सबनीसकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला, पुसला आणि सही केली.

राघोत्तम राव माझ्याकडे वाकले. "दोनच वेळ पुसला," ते म्हणाले.

"बघितलं मी," मी म्हणालो. "लेखी कळवू या. तुम्ही वाचून द्या, मग मी सही करतो."